जेवून आलोय म्हणालो आणि फसलो

दुपारचं जेवण मी वागळे इस्टेटच्या ऑफिसात कीबोर्डवर वाकून उरकतो. डबा उघडायचा, पोटात ढकलायचा, मीटिंगला पळायचं. असा माणूस रविवारी फक्त जेवायला शीळफाट्याकडे निघालाय, हे माझ्या आईलाही पटेना. पण प्रणालीच्या आईने बोलावलं होतं. आम्हाला लग्न करायचं होतं, तिचे वडील राजी होते, आता घोडं तिच्या आईच्या होकारावर अडलेलं.

कोपरहून बाइक काढली. पूल ओलांडून पूर्वेला, तिथून मानपाडा रोडने शीळ रस्त्याला. अंतर किरकोळ, पण मेट्रोच्या कामाच्या कृपेने कंबर ढिली होते. रिक्षाने जाणार असाल तर परतीचंही आधीच ठरवून ठेवा. फाट्याच्या अलीकडे आत वळलं की टॉवरांच्या मागे त्यांचं गाव लागतं.

दारात प्रणालीची आई, म्हणजे काकू, उभ्याच होत्या. "ये रं बाबा. भूक लागली आसंल."

लोकांकडे हावरटपणा करायचा नाही, हे आम्हा डोंबिवलीकरांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी तीनदा आग्रह करायचा, आपण दोनदा नाही म्हणायचं. सवयीने बोलून गेलो, "नाही नाही काकू, मी जेवून आलोय."

प्रणालीने कपाळावर हात मारला. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

"जेवलास? मंग हात मोकले हायेत. चल चुलीकरं."

घर तीन मजली, खाली दोन गाड्या, पण रविवारचं जेवण मागच्या अंगणात चुलीवरच. कुणालाच घाई नव्हती. कांदा-खोबरं निवांत भाजलं, पाट्यावर वाटलं, मग कोलंबीचं कालवण रटरटायला लागलं. वासाने माझा जीव कासावीस. मला तांदळाच्या पिठाची उकड मळायला बसवलेलं.

"खरं सांगून टाक ना!" प्रणाली कुजबुजली.

"आता सांगितलं तर म्हणतील, पोरगा खोटारडा."

"नाही सांगितलंस तर उपाशी मरशील."

दोन्ही बरोबर होतं. मी भाकरी थापली. प्रणालीच्या बाबांनी ती नीट न्याहाळली. "ह्यो कंचा प्लॉट रं? याचा एक कोपरा रस्त्यान गेलाय."

पुढची करपली. कुणी बघत नाही असं पाहून मी तिचा तुकडा तोंडात टाकला.

"जेवलेला मानूस करपलेली भाकर खातंय?" काकू मागेच होत्या.

मी तुकडा घाईघाईने गिळला. "काकू, सकाळपासून फक्त चहा झालाय."

वाटलं, संपलं लग्न.

"मना दारानच समजला," काकू म्हणाल्या. "खोटा बोललास. पन उपाशी पोटी चुलीसमोरशी उठला नाय."

मग सगळे एकत्र बसलो. शेजारच्या मावशीही आपलं ताट घेऊन आल्या. काकू वाढत राहिल्या, मी एकदाही नको म्हणालो नाही. इतका वेळ जेवत बसायला इतकं बरं वाटतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. निघताना काकू म्हणाल्या, "पुढले रविवारी तुजे आयेला आन. दोघी मिलून भाकऱ्या करू."

घरी आलो तेव्हा मनगटं दुखत होती आणि शर्टाला धुराचा वास होता. तो शर्ट मी दोन दिवस धुवायला टाकला नाही. प्रणालीचा विषय निघाला की आई आजवर गप्पच असायची. तिला काकूंचा निरोप सांगितला. उठून तिने फळीवरची परात काढली.

"तांदळाचं पीठ घेऊन ये रे," ती म्हणाली. "हाताची सवय गेलीय माझी. त्यांच्यासमोर फजिती नको."