नेवऱ्यांची यादी

गोव्यातल्या सर्वण गावच्या सगुण गावसाला कुणी विचारलं, की बाबा, तू येमेनात बावीस वर्षं कोणाकडे होतास, तर तो म्हणायचा, "एका सायबाकडे." बस्स, त्यापुढे अक्षर नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाना तऱ्हांनी खोदून पाहिलं, व्याह्याने एकदा भरपूर फेणी पाजून पाहिली, पण हा गडी ढिम्म. खरं म्हणजे तो सना शहरातल्या एका बड्या पाश्चात्त्य देशाच्या वकिलातीत मुख्य आचारी होता. कामाला लागताना त्याने एका कागदावर सही केली होती, की इथलं काही बाहेर बोलणार नाही. अहो, नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी तो त्या सहीला चिकटून होता! आपल्याकडे माणसं देवासमोर घेतलेली शपथ गणेशचवथीपर्यंत पाळत नाहीत.

त्या वकिलातीच्या टेबलावर काय काय शिजलं ते सगुणने कानांनी ऐकलं होतं. सूप वाढताना एक सायब म्हणायचा अमुक माणसाला गादीवर ठेवायला हवं, आणि गोडाचं वाढेपर्यंत दुसरा म्हणायचा त्याला आता उतरवायला हवं. सगुणला इंग्रजी कळतं हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. ज्या देशाबद्दल हे चाललेलं असायचं त्या देशाचा माणूस त्या टेबलावर क्वचितच असे. तो बाहेर असे, फाटकावर नाहीतर गाडीत.

गाडीत असे तो मुक्बिल. वकिलातीचा ड्रायव्हर, सगुणच्याच वयाचा, गालात कात नावाच्या तिथल्या नशेच्या झाडाची पानं कोंबून दुपारभर गप्पा हाणणारा. दोघांचं मेतकूट असं जमलं, की सगुण अरबी शिकला तो मुक्बिलच्या शिव्यांसकट. दर चवथीला सगुण आपल्या खोलीत गणपतीची तसबीर मांडायचा आणि वकिलातीच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायचा. खोबरं डब्यातलं, गूळ मुंबईहून कुणी आणलेला. पण वाटायच्या मात्र आपल्या गावच्या रीतीने, घराघरांत, माणसं मोजून. तिथल्या सगळ्या स्थानिक नोकरांच्या घरी नेवऱ्या जायच्या, आणि त्या पोचवायचा मुक्बिल. म्हणून सगुण सांगायचा आणि मुक्बिल अरबीत लिहायचा: माळ्याचं नाव, त्याची गल्ली, पंधरा. टेलिफोनवाल्याचं नाव, मशिदीमागचं घर, वीस. सगळ्यांत शेवटी मुक्बिल स्वतःचं नाव लिही आणि पुढे चाळीस, कारण त्याच्या घरी आई, भाऊ, भावजया मिळून सतरा माणसं होती आणि तो सगुणचा जिवलग होता. तो कागद कोठीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असायचा. दर वर्षी नवा कागद जुन्यावर.

मग २०१५ साल उजाडलं. शहर बंडखोरांच्या हातात गेलं. मोठ्या सायबाने हिरवळीवर सगळ्या नोकरांना जमवून सांगितलं, की आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. तीन आठवड्यांनी ते सगळे विमानात बसून निघून गेले. जाण्याआधी दोन दिवस मागच्या अंगणात कागद जाळत होते, संगणक हातोड्याने फोडत होते. गुपित म्हणून एक चिठ्ठी शिल्लक ठेवली नाही पठ्ठ्यांनी. पण कोठीच्या कपाटाचं दार उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगुणच्याही नाही.

सगुणला मुक्बिलने घरी नेलं. पुढच्या महिन्यात बाँब पडायला लागले, त्या सायबांच्याच मित्रांच्या विमानांतून. तळघरात त्या सतरा माणसांबरोबर सगुणने दिवस काढले आणि त्यांच्याच ताटातलं खाल्लं. शेवटी आपल्या सरकारचं विमान आलं, तेव्हा मुक्बिलने त्याला सात ठिकाणी बंदूकवाल्यांना तोंड देत विमानतळावर पोचवलं. सगुण जिबुतीमार्गे सुखरूप सर्वणात आला. त्याची बायको शेवंती त्या दिवसापासून मुक्बिलचं नाव देवाच्या दिव्याशी घेई.

गेल्या वर्षी पुन्हा पाश्चात्त्यांची विमानं येमेनावर आली, आणि राज्य करणाऱ्यांना घरोघर हेर दिसायला लागले. वकिलातीत सापडलेल्या कागदांची खोकी त्यांनी पुन्हा उपसली. श्रावणात एके सकाळी सगुणच्या मोबाइलवर मुक्बिलच्या मुलीचा, अरवाचा, फोन आला. निघताना पाहिली तेव्हा ती शाळकरी होती. आता ती एका दमात सगळं सांगत होती. बाबांना उचलून नेऊन दोन महिने झाले. त्या लोकांच्या हाती एक यादी लागलीय. नावं, पत्ते, आकडे, आणि अक्षर बाबांचं. त्यांचं म्हणणं, ही हेरांची यादी आणि आकडा म्हणजे प्रत्येकाच्या हाताखालची माणसं. बाबांच्या नावापुढे चाळीस आहे. ते रोज विचारतात, ती चाळीस माणसं कोण? आणि मारतात.

चाळीस! मायेने वाढवलेला आकडा होता तो. माळ्यासारखे पंधरा लिहिले असते, तर निदान पंधरांसाठीच मार पडला असता, असा वेडावाकडा हिशोब सगुणच्या डोक्यात फिरायला लागला.

एक वाट होती. अरवाच्या टोळीचा म्हातारा शेख मध्यस्थी करत होता आणि त्याचा शब्द तिथे चालत होता. त्याने सांगितलं होतं, की ज्याने ही यादी सांगितली त्या माणसाने शपथेवर लिहून द्यावं, सहीशिक्क्यासह, की हे आकडे खाण्याच्या जिनसांचे आहेत. तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवतो. पण लवकर, असं अरवा दोनदा म्हणाली.

"देतो," सगुण म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्याला ती सही आठवली.

आता याला काय म्हणावं? ज्यांनी मुक्बिलला वाऱ्यावर सोडलं, त्यांची परवानगी घ्यायला हा निघाला! पण बावीस वर्षं साधं मीठ बदलायचं तरी सायबाला विचारून, अशी हाडात मुरलेली सवय. शिवाय त्याला मनापासून वाटत होतं, की सायबांना कळलं तर ते एका फोनवर मुक्बिलला सोडवतील. जवळच्या साखळी गावच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मुलीकडून, सेजलकडून, त्याने जुन्या सायबाला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. तो सायब आता दुसऱ्या एका अरब देशात बढतीवर होता.

चार दिवसांनी उत्तर आलं. फार गोड होतं. तुमच्या नेवऱ्या आम्ही विसरलेलो नाही, ही बातमी वाचून अतिशय चिंता वाटते, प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. नाजूक प्रयत्न चालू आहेत, तेव्हा तूर्त आपण कोणतंही निवेदन देऊ नये ही विनंती. सेजलने ते वाचून दाखवलं. सगुणचा चेहरा मात्र खुलला. प्रयत्न चालू आहेत म्हणजे बघ, म्हणाला.

अरवाचे फोन येत राहिले. सगुण तिला धीर देत राहिला, की मोठी माणसं हलली आहेत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. त्याने आणखी दोन पत्रं पाठवली. शेवटी कुठल्याशा विभागाकडून दोन ओळी आल्या, खाली नावसुद्धा नाही: आम्ही वैयक्तिक प्रकरणांवर भाष्य करत नाही.

शेवंती कधी मोठ्याने बोलणारी बाई नव्हे. त्या दिवशी तिने हातातली घासायची आयदनं मोरीत आपटली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नेवऱ्यो तुमी केल्यात, त्या सायबान नाय," ती म्हणाली. "त्याका कित्याक विचारूक व्हया?"

कानाखाली कुणी लगावावी तसं झालं सगुणला. त्याच पावली तो साखळीला गेला. नोटरीसमोर बसून सगळं सांगितलं, वकिलातीचं नाव, स्वतःचं काम, चवथ, नेवऱ्या, कुणाला किती ते सगळं. बावीस अधिक दहा वर्षांचं मौन अर्ध्या तासात मोडलं. शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो काढून सेजलने मोबाइलवर तयार ठेवला, आणि तो पाठवायच्या आधी कळवावं म्हणून सगुणने अरवाला फोन लावला.

तिचा आवाज अगदी सपाट होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा.

"काका, आता पाठवू नका," ती म्हणाली. "बाबांनी चाळीस नावं दिली. मेलेल्यांची दिली, देश सोडून गेलेल्यांची दिली. गावातल्या जिवंत माणसाचं एकही दिलं नाही. एकोणचाळीसवर अडकले. तेव्हा तुमचं दिलं. सगुण गोव्यात आहे, त्याला कोण हात लावणार, असं म्हणाले म्हणे."

मग तिने उरलेलं सांगितलं. आता सगुणही हेरच ठरला होता, आणि हेराने हेरासाठी दिलेली शपथ शेख कुणापुढे ठेवणार? त्याने हात टेकले होते. मुक्बिलला शिक्षा सुनावली गेली होती. कसली, ते तिने सांगितलं नाही आणि सगुणनेही विचारलं नाही.

त्याने एकच विचारलं, "माझं नाव दिलं ते कधी?"

"मंगळवारी," ती म्हणाली. "तोपर्यंत बाबा तुमच्या कागदाची वाट बघत होते. कागद येतोय असा निरोप आम्ही त्यांना आत पोचवला होता."

फोन बंद झाला. सेजलने तो कागद घडी करून टेबलावर ठेवला. शेवंती जवळ येऊन बसली, काय झालं म्हणून विचारू लागली. सगुणला मुक्बिलचा राग आला नव्हता, सायबांचाही नाही.

"मंगळवारी मी घराकच होतंय," तो म्हणाला. "उत्तराची वाट बघीत."