चांदभाईंचा कान

चांदभाई मिस्त्री आता सोलापूरला लेकीकडे असतात. देहूरोडची त्यांची पत्र्याची शेड बंद झाली. आता हे लिहायला हरकत नाही. मी त्यांना विचारून घेतलं.

त्यांचं नाव होतं ते कानासाठी. बाभळीची हातभर काठी. एक टोक चालू इंजिनला, दुसरं कानाला. डोळे अर्धवट मिटायचे, थोड्या वेळाने बोट ठेवायचे, "इथं उघडा." दुखणं तिथंच निघायचं. पण काठी काढायचे ती संध्याकाळीच. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, "चांदभाई मुहूर्त बघतो."

आमच्या ह्यांची आणि त्यांची मैत्री जुनी. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक दोघांनी मिळून उभा केला. त्यावर आमचं चिंचवडचं घर चालायचं. पंचावन्न साली कार्तिकात हे विषमज्वराने गेले. रोज पूजा झाली की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय. त्यानंतरच्या पानांवर तिथी आहे आणि "पूजा केली", एवढंच आहे.

ट्रक माझे धाकटे दीर ज्योतीराम चालवू लागले. पौषात इंजिन ठोके देऊ लागलं.

"वयनी, आठवड्यातनं दोनदा चाकणचा कांदा भरून खंडाळा उतरायचा," ते म्हणाले. "उतारावर इंजिनानं दगा दिला तर नुसत्या ब्रेकवर कितीसं धरणार?"

दोनच वाटा होत्या. आहे ते इंजिन दुरुस्त करायचं, नाहीतर देहूरोडच्या एका व्यापाऱ्याकडे लष्करी लिलावातलं न वापरलेलं इंजिन खोक्यात पडून होतं, ते आणून बसवायचं. तो शनिवारपर्यंत थांबणार होता. निर्णय माझ्यावर आला.

मी भैरोबाला कौल लावला. भैरू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर दुरुस्ती, डावी पडली तर बदल. दोन दिवस गेले. पाकळ्या तिथंच वाळल्या.

"देव बोलंना, वयनी," भैरू म्हणाला.

मी नमस्कार केला आणि घरी आले. रागसुद्धा आला नाही.

चांदभाई दोनदा येऊन गेले. काठी लावायचे, जागा बदलायचे, "उद्या सांगतो" म्हणायचे. ज्योतीराम वैतागले. "चाचा, इंजिनावर मेंदी काढताय का?"

गुरुवारी ज्योतीराम बाजारात गेले असताना चांदभाई दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, मला ऐकू येत नाही."

मी हातातलं निवडण खाली ठेवलं.

"डेपोत रणगाड्यांच्या इंजिनांत सात वर्षं काढली, त्यात कान गेले. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळतं, इंजिनाला ओठ कुठले? तुमचे मारुतराव ऐकायचे. संध्याकाळी शेडवर यायचे, समोर उभे राहून हळूच बोट दाखवायचे. मी नुसती काठी धरायचो."

मग त्यांनी दारातल्या ट्रकचं इंजिन सुरू केलं आणि काठी माझ्यापुढे केली. नाही म्हणायला काही जोर लागतो. तोही माझ्यात नव्हता. डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि टोक कानाला लावलं.

वर बारीक टकटक होती. काठी खाली नेली तसा जड ठोका आला. जात्याचा खुंटा सैल झाला की दळताना फेऱ्याफेऱ्याला बसतो, तसा. मी खाली बोट दाखवलं. चांदभाई प्लगच्या वायरी एकेक करून काढायला, लावायला लागले. "आता? आता?" तिसरी वायर काढल्यावर ठोका मऊ झाला. मी मान हलवली.

त्यांनी खालून इंजिन उघडलं. तिसऱ्या जागी क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, पुसून घेतला, रॉकेल लावलं, पुन्हा कोरडा पुसला आणि खडू मागितला. घरात खडू नव्हता. कार्तिकापासून बंद असलेला रांगोळीचा डबा मी आणून दिला. त्यांनी चिमूटभर भुरभुरवली. थोड्या वेळाने आत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि पांढऱ्यात केसाएवढी काळी रेघ उमटली.

"तडा," चांदभाई म्हणाले. "शिवाजीनगरला एक जण जोडून देतो. वर्ष टिकेल, नाहीतर आठ दिवस."

ज्योतीराम एव्हाना परतले होते. "जोडून घेऊ. दादाच्या हातचं इंजिन हाय, वयनी. भंगारात टाकायचं व्हय?"

"दुसरं आणा," मी म्हटलं.

"अवो, पण दादाच्या—"

"घाटात तुम्हाला जायचंय."

पाटल्या काढून दिल्या. हातात तशाही नव्हत्याच, डब्यात होत्या.

रविवारी इंजिन बसलं. सुरू केलं तेव्हा सगळे वाकून इंजिनाकडे बघत होते. चांदभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काठी लावली, वर, खाली, दोन्ही बाजूंनी, आणि त्यांना ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाले, "आवाज बरा आहे." त्यांनी ज्योतीरामांच्या पाठीवर थाप मारली. "जा राव, भर कांदा."

तीन दिवस त्या गाडीची वाट बघितली, असं लिहायला हवं. पण मी दळण केलं, धुणं केलं, पूजा केली. बुधवारी दुपारी ट्रक दारात उभा राहिला.

"वयनी, खालच्या गियरात सगळा घाट उतरलो. हूं न्हाई का चूं न्हाई!"

"हातपाय धुवा," मी म्हटलं आणि पान वाढलं.