अंबादास आणि सुनीलची बंद डिस्क

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन कोणी दुकानात आलं की अंबादास आधी मशीनकडे बघायचा नाही, माणसाकडे बघायचा. "शेवटी कुणी हात लावला?" एवढंच विचारायचा. खोटं बोलणारा त्याला लगेच कळायचा. माझं खोटं मात्र त्याला महिनाभर कळलं नाही.

भवानी पेठेत त्याचं एका खोलीचं दुकान. घरातले सगळे टॉवेल विणायच्या मागावर, हा एकटाच या धंद्यात. तोंडाचा फटकळ. "होईल, बघू" असं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. "न्हाय ते न्हाय, मावशी. उगं चकरा कशाला मारायला लावू?"

माझा मुलगा सुनील कॅन्सरनं गेला. आजारपणात त्यानं लेकीसाठी, आर्यासाठी, लॅपटॉपवर बोलून ठेवलं होतं. ती मोठी झाल्यावर ऐकेल म्हणून. तो गेल्यावर लॅपटॉप सुरू होईना. माझ्या सुनेनं, रेखानं, तो एका दुकानात दाखवला. त्याच्या डिस्कला आकड्यांचं कुलूप होतं; आतली एक चिप त्याची किल्ली आपोआप लावायची, ती चिप त्या दुकानदारानं कोरी केली. तेव्हापासून निळ्या पडद्यावर किल्ली मागायला लागला. मग आम्ही अंबादासकडे गेलो.

त्यानं आधी आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली. त्यात दिवस गेला. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. "चूक झाली तर नकलेवर होऊ दे. मूळ एकच असतंय." नक्कल स्वतःच्या मशीनला जोडली, तर पडद्यावर डिस्कचं चित्र आलं आणि त्यावर कुलूप.

"सामान हाय बघा आत. पन किल्लीशिवाय उघडणार न्हाय. अट्ठेचाळीस आकडे असत्यात, सहा-सहाचे आठ गट. सुनीलनं कुटंतरी लिहून ठेवलं असणार की. वही, कागद, काय सापडलं?"

मी चौथी शिकले. आकडे वाचता येतात. तसे आठ गट मी पाहिले होते, सुनीलच्या उशाखालच्या वहीत. दवाखान्याचे नंबर असतील असं वाटलं. आजाऱ्याच्या उशापायथ्याचं सगळं घराबाहेर नेऊन जाळायची आमच्यात रीत. दहाव्याला मीच जाळलं, वहीसकट.

"न्हाय," मी म्हणाले.

महिनाभर तो खपला. सुनीलच्या मेलमध्ये शोधलं, त्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं, घरातल्या पुस्तकांची पानं झटकायला लावली. रेखा रोज संध्याकाळी दुकानात विचारून यायची. परत आल्यावर तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून एक दिवस मी एकटी गेले आणि सांगितलं.

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "जाळलं त्याचं मला काय न्हाय, मावशी. तुमाला काय ठाव. पन महिनाभर त्या पोरीला माझ्या दारात उभं केलं की तुमी."

"तूच सांग तिला. सापडत न्हाय म्हन."

"मी न्हाय. अन् तुमी सांगितल्याबिगर हितं पाय ठेवायचा न्हाय."

त्याच दिवशी रेखाला सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. पंधरा दिवस माझ्यापुढं ताट ठेवायची, पण जेवा म्हणायची नाही. मी अंबादासला जाऊन सांगितलं, तर "बरं झालं" म्हणाला आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

गेल्या वर्षी तो गेला. छातीत कळ आली, दुकानातच. बायकोनं दुकान रिकामं करताना आमची मूळ डिस्क आणून दिली. वरच्या कागदावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: सुनील. किल्ली नाही. पुसू नये.

आर्या आता नऊ वर्षांची आहे. तिनं डिस्क हातात घेऊन विचारलं, "आजी, यात काय हाय?"

"तुझ्या बापाचं बोलणं. तुझ्यासाठी."

"मग लाव की."

रेखा दारात उभी होती.

"उघडत न्हाय," मी म्हणाले. "त्याची किल्ली मी जाळली."