कुंताबाईच्या हातचं वायरिंग

जामच्या चौरस्त्यावरचं चंद्रभान उमाटेचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी ट्रकवाले त्याच्या घरी येतच होते. गाडीचे दिवे मधेच जातात, सेल्फ घेत नाही, असं काही झालं की कुणीतरी म्हणायचं, चंद्रभानला विचारा. तो अंगणातल्या खाटेवर बसून ऐकून घ्यायचा. कुठली वायर गरम लागते, बटन दाबल्यावर आवाज कसा येतो, एवढं विचारून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. गाडीला हात मात्र लावायचा नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. गोळ्या घेतल्यावर सकाळचे दोन तास बरे जायचे, मग उजवा हात आपला हलत राहायचा. आवाजही इतका खोल गेला होता की त्याच्या बायकोला, कुंताबाईला, कान जवळ न्यावा लागे.

संक्रांतीनंतर गावातला कैलास धोटे त्याचा ट्रक ट्रॅक्टरला बांधून अंगणाशी घेऊन आला. लिलावात घेतलेला मिलिटरीचा जुना, पेट्रोलवरचा ट्रक. कैलास तो चिखलातल्या शर्यतीत उतरवायचा. मागच्या शर्यतीत स्टेअरिंगखालच्या वायरी जळाल्या होत्या आणि कैलासच्या मांडीला पोळलं होतं. त्यानंतर दोघा मिस्त्रींनी जुन्या जळक्या गुंत्यातच नव्या वायरी जोडून दिल्या. गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. आता कैलासला दिवे, हॉर्न, वायपर काहीच नको होतं. गाडी सुरू व्हावी, चालावी आणि वेळेवर बंद करता यावी, बस.

चंद्रभाननं त्याला हिंगणघाटच्या एका दुकानाचा पत्ता सांगितला. कैलास हलला नाही.

"काका, तुमी नुसते बसा अन् सांगा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातचं मले नाई पाहिजे."

"अन् करन कोन?" चंद्रभाननं विचारलं.

कुंताबाई वांग्याची टोपली घेऊन शेतातून येत होती. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "माहे हात आहेत ना."

संसाराच्या तीस वर्षांत तिनं कधी पाना धरला नव्हता. पण वांगी तोडणारे, मेथीच्या जुड्या बांधणारे तिचे हात नेमके होते. चंद्रभाननं पहिल्या दिवशी तिच्याकडून जुन्या सगळ्या वायरी काढवून घेतल्या. मूठभर वाटणाऱ्या त्या गुंत्यानं अर्धं घमेलं भरलं. मग तो एकेक सांगत गेला. बॅटरीची जाड केबल आधी ट्रकच्या मागच्या मोठ्या बटनात न्यायची, म्हणजे गाडीला आग लागली तर बाहेरचा माणूसही करंट तोडू शकेल. तिथून ती सरळ सेल्फला. दुसरी एक बारीक वायर फ्यूजमधून समोरच्या चालू-बंदच्या बटनात, आणि तिथून इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉईलला. सेल्फच्या दाबायच्या बटनाला करंट त्याच चालू-बंदच्या बटनाच्या पुढून द्यायचा, म्हणजे ते चालू केल्याशिवाय सेल्फ फिरणारच नाही.

दुसऱ्या दिवशी वायरींची टोकं दाबून बसवताना कुंताबाई म्हणाली, की एवढंच होतं तर तुम्ही तीस वर्षं रात्री घरी यायला उशीर का करत होता? चंद्रभान हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

तिसऱ्या दिवशी एकच काम उरलं होतं. इंजिनापासून चेसिसपर्यंत तांब्याची पट्टी लावायची. हिलाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात, म्हणजे अर्थिंग. ती नसली की करंटला परतीची वाट नाही आणि सगळं वायरिंग फुकट. तेवढ्यात शेतातली लाईन आली आणि कुंताबाई पाणी सोडायला धावली. कैलास पेट्रोल आणायला गेला होता. चंद्रभाननं गोळी घेऊन तासभर झाला होता. तो खाटेवरून उठला, ट्रकखाली आडवा झाला, चेसिसचा रंग खरवडला, पट्टी लावली. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरून त्यानं बोल्ट कसला. अर्धा तास लागला. पाना दोनदा छातीवर पडला. शेवटी बोल्ट फिरेना, तेव्हा त्याला वाटलं, बसला. कुंताबाई आल्यावर त्यानं फक्त झालं म्हणून सांगितलं. कैलासनं बटन दाबलं आणि इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं.

शर्यत समुद्रपूरच्या बाजूला एका पडीत शेतात होती. टँकरनं पाणी सोडून तीन खड्डे केले होते. कैलासनं चंद्रभान आणि कुंताबाईला, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या जवळच खुर्च्या दिल्या. नियम साधा होता. गाडी बंद पडली तर दोन मिनिटांत स्वतःच सुरू करायची. बाहेरच्यानं हात लावला तर बाद.

कैलासनं दोन खड्डे पार केले. तिसऱ्यात ट्रक आदळत गेला, बॉनेटपर्यंत चिखल उडाला आणि इंजिन बंद पडलं. कैलासनं सेल्फ मारला. नुसतं कट् वाजलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

पहिल्या आवाजालाच चंद्रभानला कळलं. तो कुंताबाईला म्हणाला, "अर्थचा बोल्ट ढिला झाला." लाऊडस्पीकरच्या गलक्यात तिला ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. तो उठून उभा राहिला. कैलासला हातानं खूण तरी करावी म्हणून पाऊल उचलायला गेला, तर पाय जमिनीला खिळले. असं त्याला अलीकडे व्हायचं. डोकं चल म्हणायचं आणि पाय ऐकायचेच नाहीत. हात वर केला, तो नुसता हलत राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा टाटा करून राह्यला. कैलास बॅटरीची टोकं पाहत होता. ती घट्ट होती. दोन मिनिटं संपली आणि शिटी वाजली.

ट्रॅक्टरनं ट्रक ओढून काढला. दोरीपाशी कुणीतरी मोठ्यानं बोललं, की बाईमाणसाकडून वायरिंग करून घेतल्यावर दुसरं काय होणार. आजूबाजूचे हसले. कुंताबाईनं पदर सावरला आणि ती खाली पाहत राहिली.

कैलास जवळ आला तेव्हा चंद्रभाननं त्याचा सदरा धरला आणि त्याचा कान आपल्या तोंडाशी ओढला.

"तो बोल्ट माह्या हातचा होता. तिचा नाई. सांग या लोकायले."

कैलास ट्रकखाली गेला. पट्टी बोल्टवर लोंबत होती. त्यानं ती कसली, बटन दाबलं, इंजिन लागलं. तो लोकांना सांगायला वळला, पण पुढची जीप खड्ड्यात उतरली होती आणि सगळे तिकडे पाहत होते.

परतताना कुंताबाई म्हणाली, "मले काऊन नाई सांगितलं? पाणी सोडून आल्यावर मी तो बोल्ट कसला असता."

"एक तरी काम माह्यानं व्हावं, म्हनून," तो म्हणाला. त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर घेऊन दाबून धरला, तरी तो हलतच होता.

पुढच्या महिन्यात कैलास आष्टीकडच्या शर्यतीत गेला. जाण्याआधी कुंताबाईनं बोल्टखाली वॉशर घालून तो स्वतः कसला. ट्रक एकदाही बंद पडला नाही. पण ते पाहायला जामची माणसं नव्हती. इथं अजून तीच गोष्ट चालते, की चंद्रभानच्या बायकोनं वायरिंग केलं आणि गाडी चिखलात बसली. चंद्रभान खाटेपाशी येणाऱ्या प्रत्येकाला खरं काय ते सांगतो. कुंताबाई म्हणते, जाऊ द्या, मले थोडंच दुकान टाकाचं हाये. तिला खरंच काही वाटत नसावं. त्याला वाटतं, आणि तो काही करू शकत नाही.