माधवचा पाण्याचा नियम

माधव गेल्याचं शकीलनं फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "बरं." शकीलला वाटलं असेल, मला रडू येईल. मी फोन ठेवला आणि उरलेला चहा संपवला. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत हट्ट्यापासून वसमतपर्यंत ज्यानं त्यानं मला ऐकवलं, की माधवरावांनी उभ्या आयुष्यात कुणाचं मन दुखवलं नाही. शोकसभेत एका वक्त्यानं तर त्याला अजातशत्रू ठरवलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं किती ऐकून घ्यायचं यालाही काही सुमार आहे.

आम्ही दोघं हट्ट्याचे. तो मोठ्या शेतीवाल्यांचा, मी बौद्धवाड्यातला, आणि शाळेत एकाच बाकावरचे. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. माधव औरंगाबादेत कॉलेजात होता. तिथल्या वसतिगृहात कुणाच्या तरी परदेशातल्या भावानं एका अजब खेळाची टाइप केलेली पानं पाठवली होती. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. माधवला त्यातलं निम्मं इंग्रजी कळलं नाही. जे कळलं नाही ते त्यानं स्वतः रचलं आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावाला घेऊन आला. हळद शिजवून झाली होती, त्यांची शेड रिकामी होती. तिथं उपड्या कढईच्या बुडावर आम्ही दुपारभर फाशांऐवजी कवड्या टाकायचो. माधवचा चुलतभाऊ दत्तू लढवय्या, शकील चोर आणि मी मांत्रिक.

नियमांची वही माधवकडे. प्रत्येकाला बारा चिंचोके, म्हणजे आपल्या छागळीतले पाण्याचे बारा घोट. उन्हात चाललं की एक घोट गेला. मंत्र म्हटला की घसा सुकतो, म्हणून साध्या मंत्राला दोन घोट, मोठ्याला चार. हे त्या परदेशी पानांत नव्हतं, हे माधवच्या डोक्यातलं, आणि झकास होतं. ते मी आजही नाकबूल करणार नाही. मंत्र फुकट मिळाले असते तर खेळात राम राहिला नसता. शेडमध्ये प्यायला एक माठ आणि एकच पेला होता. मी प्यायलो की त्याच पेल्यानं माधव प्यायचा, न विसळता. मी एवढ्यावर भाळलो होतो.

एका दुपारी गोष्टीतल्या माळावर दत्तूचा लढवय्या तहानेनं कोसळायला आला. त्याच्यापुढे एकही चिंचोका नव्हता, माझ्याकडे आठ होते. मी त्यातले तीन त्याच्याकडे सरकवले. "घे, माझ्यातलं पी." दत्तूनं हात पुढे केला नाही. तो नुसता त्या चिंचोक्यांकडे बघत बसला. चिंचोके होते हो ते... त्यांच्याच अंगणातल्या झाडाचे. मग म्हणाला, "न्हाई, ऱ्हाऊ दे. तसाच चालतो मी."

शकीलनं माझ्याकडे पाहिलं, मी माधवकडे. माधवनं घाईघाईनं वही उघडली.

"अरे, एक नियम सांगायचाच ऱ्हायला," तो म्हणाला. "कोनी कोनाला पाणी द्यायचं न्हाई. ज्याची छागळ त्याची."

"काहून?" मी विचारलं.

"खेळ बराबर चालला पायजे ना." त्यानं लिहूनही टाकलं. मग त्याच्या गोष्टीत वाटेवर एकाएकी एक झरा निघाला आणि दत्तूचा लढवय्या वाचला.

माधवचं मन साफ होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. भावाला बोल लावायची त्याची छाती नव्हती आणि माझा अपमान झालेला त्याला बघवत नव्हता. म्हणून त्यानं दत्तूचा विटाळ उचलला आणि सगळ्यांचा नियम करून टाकला. आता कुणी कुणाचं पाणी नाकारलं असं होणारच नव्हतं. दत्तूचा मला राग आला आणि दोन वर्षांत ओसरलाही. पुढे तो स्वतः माझ्या घरी येऊन जेवून गेला, म्हणाला, "चुकलो गड्या." माधववरचा राग मात्र तसाच राहिला, कारण तो सगळं समजून वागला होता.

पुढच्या आठवड्यात गुहेचं तोंड दरडीनं बुजलं आणि आम्ही तिघं आत अडकलो. दरड हलवायला मोठा मंत्र लागणार होता. माझ्याकडे चारच घोट होते. मी चारही दिले आणि वाट मोकळी झाली. बाहेर रणरणतं ऊन. शकीलनं लगेच आपले चिंचोके माझ्यापुढे ओतले. "ले रे उत्तम, मेरा पी."

"नियम हाय," माधव म्हणाला, वहीत बघत. माझ्याकडे बघायचं त्याला जमलं नाही.

"अरे, मर जाएगा ना वो," शकील म्हणाला.

माधवनं कवडीही टाकली नाही. मांत्रिक मेला असं सांगितलं आणि पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे धरला. मी तो न घेता उठलो. पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो की बोलायचो. पाऊस, पोरांची लग्नं, गुडघे. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं, की उत्तम, तो नियम मी दत्तूसाठी केला. गेल्या दिवाळीनंतर वसमतच्या बसस्टँडवर भेटला, वाळला होता. माझा हात धरून म्हणाला, "तुला एक सांगायचं व्हतं..." मी थांबलो. माझी बस लागली, मी ती जाऊ दिली. त्यानं बसकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे, मंग कवा तरी." माणूस मरणाच्या दारात उभा होता, तरी ताकाला जाऊन भांडं लपवत होता.

तेरवीनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी सुनंदा पुण्याहून आली होती. बापाच्या खोलीत नेऊन तिनं मला ती वही दाखवली. नातवंडांना खेळ शिकवायचा म्हणून आजारपणात त्यानं सगळी वही सुवाच्य अक्षरात नव्यानं उतरवून काढली होती. पोरं ओसरीत खेळतच होती. सुनंदानं विचारलं, "काका, बाकीचे नियम समजतात. पण पाणी द्यायचं न्हाई, हे काहून? धाकटी रडती, तिला दादाला पाणी द्यायचं असतंय."

एवढी वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते म्हणायची पाळी आता माझी होती. समोर बापाचा हार घातलेला फोटो, तिचे सुजलेले डोळे... मी म्हणालो, "पाणी जपून वापरावं म्हणून असंल, बाई." ती हसली. म्हणाली, "बाबा लई विचार करायचे." मी मान डोलावली आणि बाहेर पडलो.

बाहेर आलो तेव्हा स्वतःचीच शिसारी आली. माधवला जे करायला एक दुपार लागली, ते मी एका वाक्यात करून आलो होतो. म्हणून हे लिहितो आहे. सुनंदा, पेपरची ही पुरवणी तुझ्या घरी येते. मी तुला खोटं सांगितलं. माझं पाणी तुझ्या दत्तूकाकाला नको होतं, म्हणून तुझ्या बापानं तो नियम केला, आणि मरेपर्यंत त्याला ते ठाऊक होतं. मी त्याला माफ केलेलं नाही. तू तो नियम खोड. पोरांनी काहून खोडला म्हणून विचारलं, तर माझं नाव घेऊन सांग. आणि धाकटीला पाणी देऊ दे.