आकडा आणि मिक्सर

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक छोटी खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवतो. नेटचा त्या क्षणाचा वेग तिथे आकड्यात दिसतो. परवा कॉलेजचा प्रकल्प दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता. पावणेबारा झाले तरी फाईल अर्धीच गेली होती आणि आकडा सारखा खाली येत होता.

"घसरला का रे?" आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

मी मान हलवली. तिने आत जाऊन मिक्सर बंद केला. थोड्या वेळाने खलबत्त्याचे ठोके ऐकू आले.

"आई, मिक्सरचा नेटशी काही संबंध नाही गं."

"मिक्सर लावला की पंखा मंदावतो. तुझं नेट काय पंख्याहून दांडगं आहे?"

"अगं, खरंच नाही."

"नसू दे. आपल्याकडून अडायला नको."

दहावीनंतर मी काय शिकतो, ते तिला नीट सांगणं मला कधी जमलंच नाही. तरी माझ्या प्रत्येक परीक्षेला घरात काहीतरी बंद व्हायचं, कधी टीव्ही, कधी पाहुण्यांचं येणं. त्यामागचं हे वाक्य मी बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाराला चार मिनिटं असताना फाईल पोचली.

"गेलं गं," मी म्हणालो.

आत मिक्सर घरघरला, डोक्यावरचा पंखा मंदावला. मग आई दारात आली.

"वाढला होता ना आकडा, मी बंद केल्यावर?"

"वाढला होता, आई," मी म्हणालो.