साडभाऊंची जहाजाची प्लेट

रामदासपेठेतल्या माझ्या साडभाऊंच्या बैठकीत मी जितका जीव मुठीत धरून बसलो, तितका दंतवैद्याच्या खुर्चीतही बसलेलो नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि इंग्लंड-हॉलंडच्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या ताटल्या जमवायचे. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई करतात, तशी तिकडचे कुंभार मातीच्या ताटलीला कथलाची पांढरी झिलई देत आणि तीवर निळ्या रंगाने फुलं, पक्षी, गलबतं काढत. गोरे साहेब गेले तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं आणि तिथून जुन्या बाजारात झिरपत राहिलं. साडभाऊ पुढची वीस-पंचवीस वर्षं ते वेचत होते. बैठकीच्या एकाच भिंतीवर एकतीस ताटल्या तारेच्या आकड्यांना लटकत होत्या आणि सारं घर त्यांच्या धाकात नांदत होतं. दार लावायचं तर दोन्ही हातांनी, आवाज न करता. भिंत हादरते म्हणून मे महिन्यातसुद्धा त्या खोलीत कूलर नाही. एकदा मला जोराची शिंक आली, तर साडभाऊंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी चुकून मागे टेकलो की, "काहून गा, भिंतीले टेकून राहिला? सरळ बस ना!" अक्का या सगळ्याला 'फुटकी भांडी' म्हणत असे, पण रोज सकाळी मऊ फडक्याने तीच ती पुसायची.

एका रविवारी मी गेलो तेव्हा बत्तिसावी आली होती. परातीएवढी मोठी, मधोमध शिडं फुगलेलं जहाज. साडभाऊ दोन रात्री झोपले नव्हते म्हणे. ती टांगायला त्यांनी टेबलावर स्टूल ठेवलं, मला ते घट्ट धरायला लावलं आणि ताटली छातीशी कवटाळून वर चढले. आकडा वीतभरावर आला आणि ते थांबले. मी वर पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता आणि हनुवटीवरून घामाचे थेंब माझ्या मनगटावर पडत होते.

"साडभाऊ, काय झालं?"

"हलू नको. छातीत दुखून राहिलं. डाव्या हाताले मुंग्या आल्या."

मला स्टूल सोडता येईना आणि ताटली घ्यायला हात पोचेना. मी अक्काला हाक मारली. ती कणीक मळत होती, तशीच धावत आली आणि टेबलावर चढून तिने दोन्ही हात वर केले.

"द्या मले ते, अन् उतरा खाली!"

साडभाऊंनी डोळे उघडून तिचे हात पाहिले. "अवं, पिठाचे हात! आधी धुऊन ये."

"अवो, जीव जाऊन राहिला अन् हात काय धुऊ?"

"झिलईले लागते ना पीठ," ते पुटपुटले आणि त्यांचे गुडघे वाकले. "प्लेट धर वं!"

अक्काने प्लेट धरली नाही. तिने नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली. ताटली फरशीवर फुटली, तिच्यामागोमाग स्टूल गेलं आणि आम्ही तिघं एकमेकांना धरून कसेबसे खाली आलो. अक्का अनवाणी होती. त्या तुकड्यांवरूनच आम्ही साडभाऊंना शेजाऱ्यांच्या गाडीपर्यंत उचलून नेलं. गाडीत ते एवढंच बोलले, "किती तुकडे झाले?"

दवाखाना जवळ होता म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पण शुद्धीवर आल्यापासून साडभाऊ अक्काशी एक शब्द बोलले नाहीत. ती पेज भरवायची, ते तोंड उघडायचे, नजर मात्र छताला. चार दिवस हे पाहून मलाच संताप आला होता. पाचव्या दिवशी अक्काने टॉवेलात बांधलेले तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. साडभाऊंनी चष्मा मागितला, तुकडे एकाशेजारी एक मांडले. शिडं जुळली, डोलकाठी जुळली.

"इथला एक टवका नाही," ते चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "नीट पाहिलं काय कोपऱ्यात?"

"पुन्हा पाहून येते," म्हणून अक्का भर दुपारी उठली आणि दाराकडे निघाली. साडभाऊ तिच्याकडे बघत राहिले.

"थांब. काहून लंगडून राहिली?"

"काही नाही. चप्पल लागते."

"इकडं ये. पाय दाखव."

टाच टम्म सुजली होती. नर्सबाईंनी तिथेच चिमट्याने नखाएवढा पांढरा-निळा टवका काढला आणि ट्रेमध्ये टाकला. डोळ्यांत पाणी असताना अक्का हसली. "घ्या, सापडला तुमचा."

साडभाऊंनी ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. "फेका ते, बाई," म्हणाले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. ताटल्यांचा नाद सुटला नाही, धाकही फारसा कमी झाला नाही. आता दोघंही नाहीत. ताटल्या त्यांच्या मुलीने, माझ्या भाचीने, मुंबईला नेल्या, म्हणते की लोक येऊन कौतुकाने बघतात. मला मात्र साडभाऊ आठवतात ते त्या दुपारचे. उठून बसायची मनाई असताना उठून बसलेले, अक्काचा पाय मांडीवर घेतलेला, आणि दोन्ही हातांनी तो धरून पुन्हा पुन्हा म्हणणारे, "सांगायचं नाही काय वं मले? सांगायचं नाही काय?"